आधी वाद्य जुळवायला शीक

पत्र :

प्रिय ताई,
मी जर्मनीत पियानो शिकते, दुसरं वर्ष चालू आहे. घर डोंबिवलीला. गेल्या हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर लाइपझिगला गेले होते. तिथल्या ग्रासी संग्रहालयात क्रिस्तोफोरीचा 1726 सालचा पियानो पाहिला. ज्याने पियानो शोधून काढला त्याच्या हातचे तीनच उरलेत जगात : एक न्यूयॉर्कला, एक रोमला आणि हा. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. परत आल्यावर दुय्यम विषय म्हणून हार्पसिकॉर्ड घेतला, म्हणजे पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं पट्ट्यांचं वाद्य. आता पियानोवर बाख, तो अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार, वाजवायला बसले की खोटं वाटतं. परीक्षेला त्याचा एक प्रेल्यूड-फ्यूग (अशी जोडरचना) आहे, त्याला हात लावावासा वाटत नाही. पियानोचे सर म्हणतात, "त्या खोक्यावर बसलीस तर हात बिघडेल, ताकद जाईल." मुख्य विषय बदलायचा तर अर्ज याच सत्रात द्यावा लागेल. बाबा म्हणतात, "पियानोलाच इकडे कोण विचारतं, त्यात हे काय नवीन?" नवीन नाही हो, जुनं आहे, असं म्हटलं तर फोन ठेवून दिला. आणि एक : आजोबा संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. तो ऑर्गन हॉलमध्ये धूळ खात पडलाय, आई म्हणते गणपतीच्या आत जागा रिकामी करायची. पियानो सोडू का?
— अधांतरी

प्रिय अधांतरी,

पियानो सोडू नकोस. हार्पसिकॉर्डही सोडू नकोस. अर्ज मात्र या सत्रात देऊ नकोस. एवढ्यावर थांबले तर तू म्हणशील ताईने हात झटकले, म्हणून आता सविस्तर.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात वाद्याच्या वयाबद्दल पुष्कळ आहे आणि आवाजाबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्या संग्रहालयात 1543 सालचा एक क्लॅव्हिकॉर्डही आहे, म्हणजे पियानोच्या आधीचं आणखी एक पट्ट्यांचं वाद्य; साल कोरलेल्या क्लॅव्हिकॉर्डांमधला सगळ्यात जुना. तोही पाहिला असशील आणि अंगावर काटा आला असेल. येऊ दे. पण त्यातलं काहीही तुला वाजवायला मिळणार नाही. विद्यालयात तू ज्याच्यासमोर बसतेस ती नक्कल आहे, एखाद्या कारागिराने जुन्या वाद्याची मापं घेऊन अलीकडे बनवलेली. वयाची भुरळ फार तर एक-दोन सत्रं टिकते. पुढे उरतं लाकूड, तार आणि तार छेडणारी नखी. यातलं तुला नक्की काय आवडलं आहे ते तुझं तुलाच अजून कळलेलं नाही, आणि ते कळायचा एकच रस्ता मला माहीत आहे : वाद्य स्वतः जुळवायला शीक.

पियानो जुळवायला माणूस येतो. तू आजवर कधी ती किल्ली हातात धरली आहेस का? बहुतेक पियानोवाल्यांनी धरलेली नसते. हार्पसिकॉर्डवाल्याची त्यातून सुटका नाही. तारा बारीक, चौकट लाकडी. हॉलमधला हीटर चालू झाला, माणसं येऊन बसली, की सूर हलतो. मग कार्यक्रमाआधी जुळवा, मध्यंतरात सगळे कॉफी प्यायला गेले की पुन्हा जुळवा. पाच सप्तकांचं, तारांच्या तीन ओळी असलेलं वाद्य असेल तर 61 पट्ट्यांच्या 183 तारा होतात. हे काम ज्याला जाच वाटतं त्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला त्यातच गोडी वाटते, त्याला बाकीचं सगळं जमतं.

तुझ्या विभागात विचार, क्वार्टर-कॉमा मीनटोन नावाची जुळणी कुणीही शिकवेल. सोळाव्या-सतराव्या शतकात ती सर्रास चालायची. आधी सा आणि त्यावरचा शुद्ध गंधार, म्हणजे तुझ्या भाषेत सी आणि ई, एकत्र वाजवायचे. आजच्या पियानोवर तो गंधार चढा असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर पियानोचा गंधार 400 वर बसतो आणि निसर्गाचा 386 वर. चौदा भागांचा फरक. दोन्ही तारा एकदम वाजल्या की आवाजात एक थरथर ऐकू येते. किल्ली अगदी हलक्या हाताने उतरव. थरथर मंदावत जाईल, आणखी मंदावेल, आणि एका क्षणी थांबेल. तो गंधार तुला नवा वाटणार नाही. आपल्याकडे तंबोरा चांगला लागला, जवारी खुली असली, की खरजाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात ना, तोच हा. युरोपातल्या मुलांना तो हार्पसिकॉर्डवर पहिल्यांदा भेटतो. तुझ्या कानावर तो डोंबिवलीत कुणाच्या तरी गाण्याच्या क्लासमधून आधीच पडलेला असणार.

आता याची किंमत. गंधार शुद्ध हवा तर सी-जी, जी-डी, डी-ए, ए-ई या चारही पंचमांना सारखं थोडं थोडं उतरवावं लागतं. शुद्ध पंचम 702 चा, तो 697 च्या आसपास आणायचा. असं करत अकरा पंचम उतरवलेस की बारावा, बहुधा जी शार्प आणि ई फ्लॅटमधला, इतका रुंद राहतो की ऐकवत नाही. त्याला तिकडे लांडगा म्हणतात, आणि त्याचं ओरडणं ऐकलंस की नाव पटेल. म्हणून त्या काळचे लोक लांडग्याच्या वाटेला जायचं टाळून रचना करायचे. फ्रेस्कोबाल्डी, स्वेलिंक, फ्रोबर्गर यांचे तुकडे अशा जुळणीत वाजव. पियानोवर जिथे सगळं सपाट लागायचं, तिथे एखादा स्वरमेळ शांत बसलेला आणि पुढचाच खुपणारा ऐकू येईल, आणि लिहिणाऱ्याने तो तिथेच का ठेवला हे विचारायची गरज राहणार नाही. बाख मात्र या जुळणीत वाजवू नकोस. 1722 च्या त्याच्या संग्रहात चोवीसही स्वरपट्ट्या आहेत, तिथे लांडगा दर दोन पानांनी समोर येईल. त्याच्यासाठी वेगळ्या, मधल्या जुळण्या आहेत. त्या कोणत्या, यावरून तुमच्या विभागात दोन तट असतील. तू त्यात पडू नकोस.

बाखचं म्हणशील तर, पियानोवर तो खोटा वाटतो हे वाक्य मला खटकलं. तो 1750 मध्ये गेला तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी झाली. तिच्यात पाच हार्पसिकॉर्ड, दोन ल्यूट-हार्पसिकॉर्ड आणि एक स्पिनेट, म्हणजे छोटा हार्पसिकॉर्डच, आहे, पियानो नाही. एवढंच वाचून लोक निकाल देतात. पण झिल्बरमान या जर्मन कारागिराचे सुरुवातीचे पियानो बाखने वाजवून पाहिले होते. वरचे सूर दुबळे आणि पट्ट्या जड, अशी त्याने नावं ठेवली आणि पुढे सुधारलेले पियानो त्याला पसंत पडले, असं त्याचा शिष्य आग्रिकोला सांगतो. 1747 मध्ये पोट्सडामला प्रशियाच्या राजाच्या पियानोवर तो बसला. 1749 मध्ये त्याने एक पियानो विकून दिल्याची पावतीसुद्धा आहे. त्याच माणसाच्या लाइपझिगमधल्या कॉफीगृहातल्या मैफलींची 1733 ची जाहिरात सांगते की इथे आजवर कुणी ऐकला नसेल असा नवा हार्पसिकॉर्ड आणला आहे. म्हणजे आज तू ज्याला पुरातन म्हणतेस ते त्या गावात नवलाई म्हणून जाहिरातीत मिरवत होतं.

आणि 'खरं' वाद्य दर पिढीला बदलतं. वांडा लांडोव्हस्का या वादक बाईने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्पसिकॉर्ड पुन्हा लोकांसमोर आणला. तिचा 1912 चा प्लेयेल कंपनीचा हार्पसिकॉर्ड लोखंडी चौकटीचा होता आणि पायाने दाबायचे पेडल त्याला होते. तेव्हा लोकांना तोच अस्सल वाटला. मग 1949 मध्ये बोस्टनला हबर्ड आणि डाउड या दोघांनी कारखाना काढला, जुनी वाद्यं बारकाईने मापली, आणि लोखंडवाले हार्पसिकॉर्ड हळूहळू अडगळीत गेले. लांडोव्हस्काची ध्वनिमुद्रणं मात्र आजही ऐकवतात. तुझ्या वर्गातली जी मंडळी पियानोवाल्यांकडे नाक मुरडून पाहतात त्यांना हे विचारून बघ. मी तर गंमत म्हणून विचारीन.

तुझ्या सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. 'खोकं' म्हणायला नको होतं, पण अर्धं खरं आहे. पियानोवर दंडाचं वजन सोडून सूर मोठा होतो. हार्पसिकॉर्डवर ते वजन वाया जातं, पट्टीचा खटका तेवढा मोठा होतो. हे हाताला समजायला वेळ लागतो. एक कर. खोलीत दुसरं कुणी नसताना एकच पट्टी, एकाच बोटाने, अगदी सावकाश दाब. पट्टीच्या टोकावरचा जॅक, म्हणजे उभा लाकडी तुकडा, वर जाईल आणि त्याची नखी तारेला खालून टेकेल. पूर्वी ही नखी कावळ्याच्या पिसाची असायची, आता बहुधा प्लॅस्टिकची. टेकली की बोटाला किंचित अडथळा लागतो. तिथेच थांब. आणखी जरा दाब, तार सुटेल. दोन ओळी जोडलेल्या असतील तर एक तार आधी आणि दुसरी लगेच मागून सुटल्याचं बोटाला जाणवेल. आता पट्टी तितक्याच सावकाश सोड. नखी तारेला चुकवून खाली येते, बारीकसा आवाज होतो, मग कापडाचा तुकडा तारेवर बसतो आणि सूर मिटतो. सोडण्यालाही आवाज असतो! पियानोवर आपण पट्टी कधी सोडली याकडे इतकं लक्ष देत नाही, पेडल सांभाळून घेतो. इथे पेडल नाही, सूर कमी-जास्त करायची सोय नाही. सूर किती वेळ धरला, पुढच्यावर किती चढू दिला आणि किती आधी सोडला, यातूनच जोर, श्वास, सगळं उभं करायचं. बाखच्या त्या 1722 च्या संग्रहातला पहिलाच सी मेजर प्रेल्यूड घे आणि प्रत्येक मात्रेतले सूर बोटं न उचलता धरून ठेव. वाद्य एकदम भरल्यासारखं वाजेल. मग ओळीच्या शेवटी थोडे लवकर सोड. बघ काय होतं.

हेच शिकलेलं घेऊन परीक्षेचा फ्यूग पियानोवर वाजव. पेडल न लावता बसव, आवाज बोटांनी धर, शेवटी पेडल चवीपुरतं घाल. सरांना फरक ऐकू येईल आणि तो कुठून आला हे सांगायचं की नाही ते तू ठरव.

ताकदीबद्दल कूपरँ या फ्रेंच संगीतकाराचं ऐक. हार्पसिकॉर्ड वाजवण्यावर त्याने 1716 मध्ये पुस्तक लिहिलं. चांगलं वाजवणं ताकदीपेक्षा बोटांच्या लवचीकपणावर आणि मोकळेपणावर अवलंबून असतं, म्हणून मुलांना हलक्या पिसांचं वाद्य द्या, असं तो सांगतो. हाच गृहस्थ शिकवणी संपली की वाद्याच्या कुलपाची किल्ली खिशात घालून घरी न्यायचा, कारण पाऊण तासात शिकवलेलं मुलं एकटी बसली की क्षणात घालवतात. तुझे सर त्यामानाने बरेच मवाळ आहेत. दिवसात आधी हार्पसिकॉर्ड, नंतर पियानो, असा क्रम ठेव. तासभर मोठे स्वरमेळ ठोकून हार्पसिकॉर्डवर बसलीस तर तो हात पहिली वीस मिनिटं काहीच ऐकत नाही.

सरांना आणखी एक दाखव. वॉर्सात 2018 मध्ये शोपँच्या काळच्या पियानोंवर शोपँची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. एरार, प्लेयेल, जुने व्हिएनीज पियानो, असली वाद्यं, आणि बसणारी मुलं तुझ्यासारखी आधुनिक पियानोवर वाढलेली. तुझ्या विभागात पाच सप्तकांचा फोर्टेपियानो, म्हणजे जुन्या घडणीचा पियानो असेल, मोझार्टच्या वॉल्टर पियानोसारखा, तर त्यावर बस. आजच्या पियानोची पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते, याची त्याहून बरीच कमी. हातोड्यांवर नमद्याऐवजी चामडं. मोझार्टच्या डाव्या हातातले खालचे स्वरमेळ त्यावर चिखल होत नाहीत. कदाचित तुझी खरी जागा तिथे असेल. अर्ज थांबव म्हणते ते यासाठीही : तू अजून दुकानातला एकच माल पाहिला आहेस.

क्लॅव्हिकॉर्ड तर मी म्हणेन सगळ्यांच्या आधी. तिथे पितळेचा तुकडा तारेला खालून लागतो आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तसाच टेकून राहतो. म्हणजे बोट सुराला चिकटलेलं असतं. दाब जरा कमी-जास्त केला की सूर हलतो, आंदोलनासारखा. हा आवाज इतका लहान की जर्मनीतल्या शेजाऱ्यांनाही रात्री अकराला तक्रार करता येणार नाही. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमानुएल याने 1753 च्या आपल्या पुस्तकात वाजवणाऱ्याची पारख क्लॅव्हिकॉर्डवर करावी असं म्हटलं आहे. आपल्याकडे पेटीवर मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, म्हणून 1940 मध्ये आकाशवाणीने तिला दार बंद केलं आणि ते किलकिलं व्हायला 1971 उजाडलं. पट्ट्यांच्या वाद्यावर सूर हलवता येतो हे त्या भांडणात कुणाच्या गावीही नव्हतं. क्लॅव्हिकॉर्डवर आपला राग वाजेल असं मी म्हणत नाही, नाहीच वाजणार. पण तुझ्या कानाला तो पटकन जवळचा वाटेल, एवढं सांगते.

आता बाबा. त्यांची काळजी रास्त आहे आणि तिला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नकोस. भारतात परतून नुसत्या हार्पसिकॉर्डवर पोट भरेल असं मी त्यांना सांगणार नाही. युरोपातही एकट्याने मंचावर बसून हार्पसिकॉर्ड वाजवणारे मोजके. बाकीचे जगतात साथीवर. बारोक, म्हणजे बाखच्या आणि त्याच्या आधीच्या काळच्या संगीतात खालची एक ओळ लिहिलेली असते, तिच्यावर आकडे, आणि त्या आकड्यांवरून उजव्या हाताने काय भरायचं ते वाजवणाऱ्याने तिथल्या तिथे ठरवायचं. गायिका कुठे थांबते, व्हायोलिनवाला कुठे घाई करतो, ते बघत. यालाच कंटिन्युओ म्हणतात. चांगला पेटीवाला गायकाच्या मागे सावलीसारखा असतो, जागा भरतो आणि पुढे घुसत नाही, तसंच हे काम. ते ज्याला येतं त्याला समूहांत, ऑपेरात, चर्चमध्ये बोलावणी येतात. तुझे आजोबा आयुष्यभर हेच करत आले. बाबांना असं सांग, फोन ठेवणार नाहीत बहुतेक.

"हे आपलं नाही" असंही ते पुढेमागे म्हणतील. हाजी हबीबुल्लाने गोव्याहून नेलेला ऑर्गन अकबराच्या दरबारात वाजला होता. त्या काळचा इतिहासकार बदायुनी एरवी अकबराच्या नवलाईंवर फार खूश नसायचा, पण त्याने तो सृष्टीतलं एक आश्चर्य म्हणून नोंदवला आहे. 1789 मध्ये कलकत्त्याला विल्यम हॅमिल्टन बर्डने हिंदुस्थानी चिजा हार्पसिकॉर्डसाठी छापल्या. त्याने त्यांना इंग्रजी पोशाख घालून पार साहेब करून टाकलंय, ऐकून हसू येतं. पण तुझ्या एखाद्या कार्यक्रमात त्यातला एक तुकडा घे आणि मूळ चीज कशी असेल ते वाजवून दाखव. वर्गात हे तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

ऑर्गनचं तातडीचं, म्हणून आजच आईला फोन कर. तो भंगारात जाता कामा नये. पायपेटी काय आणि ऑर्गन काय, 1842 मध्ये पॅरिसला दबॅंने हार्मोनियमचं पेटंट घेतलं त्याच शतकातली ही खटपट. बालगंधर्वांच्या मागे तिरखवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी, तसाच हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असायचा. घरातला ऑर्गन बंद पडला असेल तर बहुतेक वेळा भात्याचं कापड किंवा चामडं फाटलेलं असतं, सूर, म्हणजे आतली पितळी पाती, शाबूत असतात. पेटी दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाला बोलवायचं, भाता उघडून बघायला सांगायचं. पॉलिश करू द्यायचं नाही. आणि सूर बदलतो म्हणाला तर साफ नाही म्हणायचं. जुने पितळी सूर घासूनपुसून पुष्कळदा चालतात. जागा हवी असेल तर गणपतीपुरता आतल्या खोलीत सरकवता येतो, खालच्या चाकांवर. चाकं अडकली असतील तर दोघांनी उचलायचा, ओढायचा नाही. तू सुट्टीत घरी आलीस की आतल्या बाजूला कारखान्याचं नाव आहे का ते बघ, फोटो काढ. तुमच्या विभागातल्या कुणाला तरी त्यात नक्की रस वाटेल.

अर्जाचं शेवटचं. या सत्रात दुय्यम विषय तसाच ठेव, पण कंटिन्युओचा वर्ग आणि जुळणीचा वर्ग दोन्ही माग. फोर्टेपियानोवर आणि क्लॅव्हिकॉर्डवर किती वेळ मिळतो ते विभागात विचारून लिहून घे, तोंडी आश्वासनावर राहू नकोस. पियानोच्या सरांना परीक्षा होईपर्यंत काहीही सांगू नकोस. झाली की त्यांना एकदा हार्पसिकॉर्डच्या खोलीत ने आणि ती एक पट्टी सावकाश दाबायला लाव. मग अर्जाबद्दल बोल.

तुझी,
ताई